हापूसचा पी-ई

मालवण, पौष महिना

चि. अनिश यास लवूमामाचे आशीर्वाद. ताईचं पित्त आता बरं असेल. इकडे माझा गुडघा सोडून सगळे मजेत. (फोनवर तुझी सावित्रीमामी मध्येच बोलते, म्हणून पत्र.)

शेअरच्या किमतीला त्या एका शेअरमागच्या वर्षभराच्या कमाईने भागलं की पी-ई, हे तू शिकवलंस आणि मला नादच लागला. शेजारच्या गुरुदासची होडी, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, दिसेल ते भागत सुटलो. (सावित्रीने बजावलंय, मला भागायचं नाही.) तुझ्या त्या लोखंडाच्या कंपनीचा पी-ई पूर्वी पंचवीस होता, आता सहा, म्हणजे स्वस्त, असं तू म्हणालास. मग मी ठरवलं, हापूसची कलमं विकायची आणि शेअर घ्यायचे. सावित्रीने घागरीने पाणी घालून जगवलेली कलमं ती. तिने माझ्याशी बोलणंच टाकलं.

रेडीचा बाळा बागायतदार बघायला आला. मी रुबाबात सांगितलं, किंमत बारा लाख, गेल्या वर्षी सुटले तीन लाख, पी-ई फक्त चार. बाळाने वर बघितलं. यंदा मोहराचा पत्ता नाही, नुसती पालवी. मग शांतपणे म्हणाला, "लवूकाका, तेच्या आदल्या वर्सा किती गावले?"

मला खोकला आला. (तीस हजार. म्हणजे पी-ई चाळीस. झाडं तीच, किंमत तीच.) हापूस एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो, हे मला जन्मापासून ठाऊक, तरी मी धरलेलं वर्षच पुढे केलं. मग वाटलं, तुझ्या कंपनीचंही हे धरलेलंच वर्ष नसेल ना? मोबाइलवर शोधलं, तर गेल्या वर्षी लोखंडाचा भाव चढला होता. कमाई फुगली की पी-ई आपोआप खाली येतो आणि आपल्याला स्वस्ताई वाटते. बऱ्या-वाईट सगळ्या वर्षांची सरासरी काढून भागायला हवं. बाळा विचार करतो म्हणून गेला. मी सावित्रीला म्हटलं, कलमं विकत नाही. संध्याकाळच्या चहात पुन्हा साखर पडली. मला फार बरं वाटलं.

तुझा,
लवूमामा

ता. क. तुझ्यावर अविश्वास नाही. हे सगळं निव्वळ कुतूहल.

ता. क. २. शेअरसाठी साठवणीतले एक लाख तुझ्याकडे आधीच पाठवले होते, तेवढे लगेच परत पाठव. यंदा मोहर नाही म्हणून गुरुदास वैतागून आपली कलमं मिळेल त्या भावाने विकतोय आणि सावित्री ती घेतेय. मी तिला समजावलं, यंदा कमाईच शून्य, याचा पी-ई निघतच नाही. ती म्हणाली, "म्हणानच आता घेवची."