मुद्दाम ढिले ठेवलेले नट

बाबा, तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज लिहायला बसलोय ते एका सात वर्षांच्या पोरीमुळे. मी नऊ वर्षांचा असताना काजूच्या झाडावरून पडलो, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. ओरोसच्या डॉक्टरांनी हाडात सळया घातल्या आणि पायाच्या बाहेरून दांडी लावून नटांनी पक्क्या केल्या. आई बघून रडली; तू होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, तुला ते लगेच कळलं. रोज सकाळी सळयांभोवती तूच कापसाने पुसायचास, ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांनी, पण किती हलक्या हाताने.

दीड महिन्याने डॉक्टरांनी दोन नट ढिले केले आणि मला म्हणाले, आता पाय टेकून चाल. तू तेव्हा औषधं आणायला गेला होतास. घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर नट आवळूक विसारले." ढिला नट दिसल्यावर तू गप्प बसणार? पाना घेऊन आवळलेस. पुढच्या खेपेला डॉक्टर तापले. "हाडावर भार यावा म्हणून मुद्दाम ढिले केले होते! तुम्ही डॉक्टर की मेकॅनिक?"

"मेकॅनिकच, साहेब. चूक माझी," तू म्हणालास. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

परवा तिचा फोन आला. ती म्हणजे जिच्यापायी मी कॉलेजात एकाचं डोकं फोडलं आणि दुसऱ्या वर्षातच घरी बसलो. त्यावरून तुझा-माझा महिनाभर अबोला होता. तिच्या भाचीच्या पायाला तशीच दांडी आहे, डॉक्टर चालायला सांगतात, पोरगी पाय टेकत नाही. हाड जुळायला उशीर होतोय. "तुझे वण दाखव तिका. आणि आवाज चढवू नको हां."

गेलो. पोरीने वणांवर बोट फिरवलं. मी तिला म्हटलं, "माका चलूची भीती वाटली, म्हणान मी बाबाक खोटा सांगलंय."

"मगे मार खाल्लंस?"

"नाय. माझ्या वाट्याची बोलणी बाबान खाल्ल्यान."

तिने हात पुढे केला. मग म्हणाली, "माका धर. सोडूचा नाय." घरापुढच्या खळ्यात तिने तीन पावलं टाकली, चौथ्याला ओरडली, आणि पाचवं टाकलं.

बाबा, मी खोटं बोललो ते तुला डॉक्टरांसमोरच कळलं होतं ना? मला आता तसं वाटतं. हे पत्र टाकू कुठे, म्हणून वहीतच राहील. एक मात्र कबूल करतो. मी पोरीसाठी गेलोच नव्हतो, तिच्या मावशीला बघायला गेलो होतो. पण पोरीने माझा हात आवळून धरला, आणि मावशीकडे बघायचं राहूनच गेलं.