आइनस्टाइन महाराज

२१ ऑगस्ट १९६५

ह्यांनी आज जाहीर केलं — यंदा घरात गणपती नाही! जेवता जेवता, वरणावर तूप मागावं इतक्या सहज. कारण? आइनस्टाइन! कुठल्याशा मासिकात त्याच्यावर लेख आलाय. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि नवसाला पावणारा देव त्याला मान्य नाही म्हणे. "मग मी काहून मानू?"

मी म्हटलं, त्याला रोज दारूगोळा भरायला जावं लागत नव्हतं. तुम्हाला लागतं. हे हसले. मला हसू आलं नाही. गणपती बसतो आणि हे संध्याकाळी सायकल टेकवून आत येतात — ह्या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींना घट्ट बांधलेल्या आहेत. एक सुटली तर? पुढचा विचार मी करतच नाही.

२३ ऑगस्ट

ह्यांनी लेखातला फोटो कापला, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून फ्रेम करून आणला! पिंजारलेले पांढरे केस, जाड मिशा, डोळे दयाळू. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं.

"हे कोणते महाराज रे, रत्नाकर?"

"महाराज नाहीत आई, शास्त्रज्ञ आहेत. देव मानत नाहीत."

"नसू देत. चेहऱ्यावर तेज आहे." आणि बोट थेट कुंकवाच्या करंड्यात! हे फोटो उचलून पळाले. उद्या कारखान्यात, सेक्शनमध्ये आपल्या टेबलामागे लावणार म्हणे — तिथे तरी कुणी कुंकू लावणार नाही.

२५ ऑगस्ट

अबोला. भाजीत मीठ विसरले. ह्यांनी तशीच खाल्ली.

२६ ऑगस्ट

हसून हसून पोट दुखतंय!

हे तोंड पाडून घरी आले. चहा गार झाला तेव्हा कुठे बोलले. सेक्शनमध्ये नवं मशीन सुरू व्हायचं होतं. नवं मशीन म्हणजे साहेबाच्या हातून नारळ, हा तिथला रिवाजच. हे म्हणाले, नारळबिरळ काही नाही, बटण दाबा. कुणी वाद घातला नाही. सगळे हात बांधून नुसते उभे! शेवटी बळीराम मिस्त्री जवळ येऊन समजुतीने म्हणाला, "साहब, हम समझ गए. आपका पंथ अलग है."

ह्यांना वाटलं, सुटलो. वळून बघतात तर आइनस्टाइनला झेंडूचा हार, कपाळावर टिळा! मशीन लगेच सुरू. "अगरबत्ती नहीं जलाई साहब, बारूद का मामला है." वर ह्यांच्याच हातावर बत्तासा. आता येता-जाता माणसं फोटोच्या पाया पडून राहिलीत. नथ्थू शिपाई तर विचारून गेला, बाबांचा उपवास कोणत्या वारी असतो?

"मग? काय सांगितलंत?"

"काय सांगणार! म्हटलं, गुरुवार."

२८ ऑगस्ट

हे आंघोळीला गेले तेव्हा तो लेख मीच वाचून काढला. माणसांच्या नशिबात नि कर्मात लक्ष घालणारा देव आइनस्टाइन मानत नाही, हे खरं. पण पुढच्या पानावर! विश्वाच्या नियमबद्ध सुसंगतीतून जो प्रकट होतो, त्या देवावर त्याचा विश्वास आहे. शिवाय कुणी नास्तिक म्हटलेलं त्याला आवडत नसे. ह्यांनी पहिलंच पान वाचून धर्म सोडला होता!

बाहेर आल्या आल्या पान पुढे धरलं. "तो वेगळा देव आहे," हे म्हणाले.

"वेगळा का होईना, आहे ना? मग पाट मांडू?"

बराच वेळ डोकं पुसत राहिले. इतके केसही नाहीत. मग म्हणाले, "मांड. पण मी आरती म्हणणार नाही."

"नका म्हणू. टाळ्या वाजवा."

२ सप्टेंबर

लिहायला आज सवड मिळाली. गणपती बसला! हे सोवळं नेसून पाटावर बसले. पळीने पाणी सोडताना चेहरा असा, की आता काही पेटतंय की काय! आरती म्हटली नाही, पण ओठ हलत होते. मी जिंकले. जीव निवांत झाला.

७ सप्टेंबर

लढाई जोरात पेटलीय. अख्खी कॉलनी रेडिओला चिकटलेली. ह्यांना बारा-बारा तास ड्यूटी. मी सकाळ-संध्याकाळ दूर्वा वाहते. भार त्याच्यावर टाकलाय.

८ सप्टेंबर

दुपारी मोठा आवाज झाला. कारखान्याच्या बाजूने. हातातली परात टाकून धावत सुटले. फाटकाशी सगळ्या बायका जमलेल्या, कुणालाच काही ठाऊक नाही. मग कळलं — वळणावर ट्रकचं टायर फुटलं! तरी कुणी हललं नाही. सुट्टी झाली, माणसं बाहेर पडायला लागली. हे सगळ्यांच्या शेवटी आले. "अगं, अनवाणी काहून आलीस?" मी तिथेच रडले. चारचौघांत!

९ सप्टेंबर

सासूबाईंनी विचारलं, धावताना देवाला काय बोललीस? विसर्जनाच्या आत फेडायला हवं. म्हटलं, एकवीस मोदक. आता करावे लागतील.

खोटं बोलले. गणपतीच्या समोरूनच धावत गेले, मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. फाटकापर्यंत देव एकदाही आठवला नाही. लग्नाच्या उखाण्यानंतर जे नाव मी कधी तोंडातून काढलं नाही, तेच मोठमोठ्याने ओरडत होते. रस्ताभर. रत्नाकर! रत्नाकर!