बोटीची डोलकाठी आणि बाभळीच्या पाचरी

लिहून ठेवणार: जाफर बाबालाल नदाफ, वय ७१, धंदा सुतारकाम, आता बंद. राहणार माधवनगर, जि. सांगली.

माझे डोके ठिकाणावर आहे. हात मात्र थरथरतात, म्हणून मी सांगतो आहे आणि सून आसिया लिहिते आहे. तिला यात काही मिळणार असल्याने तिने लिहू नये, असे वकीलसाहेब म्हणाले. पण दुसऱ्या कोणाचे अक्षर मला लागत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. "एवढं सगळं लिहू नका," असा दाब वकीलसाहेबांनीच आणला, तो मी मानलेला नाही.

कलम १. घर व बँकेतील ठेव पत्नी हाजराबी, मुलगा अजीम व मुलगी फिरदोस यांच्यात शरियतप्रमाणे वाटली जावी. त्यात मी अक्कल चालवत नाही. हाजराबी आहे तोवर तिला तिच्या स्वयंपाकघरातून कोणी हलवू नये. शेडवरचा पत्रा बदलावा. तीन वर्षे सांगतो आहे, माझ्या मयतीला तरी गळू नये.

कलम २. वारस नसलेल्यांना मिळकतीचा तिसरा हिस्सा देता येतो. त्यातून माझी सर्व हत्यारे आसियाला द्यावीत. घरात पटाशी वापरल्यावर धार पुसून ठेवणारी ती एकटीच आहे. अजीमने माझ्या रंध्याने नारळ फोडला होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

कलम ३. शिडाची बोट, लांबी अठरा फूट, सागवानी, सध्या सातारा जिल्ह्यात धरणाच्या पाण्याकाठी बामणोलीच्या घाटावर उलटी पडून आहे. मुंबईत माझगावच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे दुसऱ्यांच्या बोटी बांधल्या. ही माझी स्वतःची, आणि सुभेदार सयाजी विरकर यांची. सयाजी म्हसवडजवळचा, माण तालुक्यातला. गावात पाण्याची बोंब, पण फौजेत शीड चालवायला शिकून आला. माझ्याकडे दाराची चौकट करून घ्यायला आला आणि चार वर्षे गेलाच नाही. रोज आम्ही शेडमध्ये भांडत भांडत ती बोट बांधली. आयुष्यातली ती माझी सगळ्यात चांगली चार वर्षे. हाजराबीला हे माहीत आहे, तिने वाईट वाटून घेऊ नये.

कलम ४. डोलकाठी डेकच्या फळ्यांमधल्या भोकातून खाली जाते आणि तळाच्या कण्यावर उभी राहते. या भोकाने माझे डोके उठवले आहे. अजीमने त्यात बाथरूमचे सिलिकॉन भरले. घाटावरच्या लोकांनी डांबर ओतले. एका शहाण्याने सिमेंट सुचवले, त्याचे नाव घालून हा कागद खराब करत नाही. सगळे गळले. शेवटचे सांगतो. वाऱ्यात काठी थोडी हलणारच. पाचरीने काठी फक्त धरायची. पाचरी मऊ देवदाराच्या, भोवतीने सारख्या, लाकूड फुगेल एवढी जागा ठेवून बसवायच्या. पाणी अडवायचे काम त्यांचे नाही. त्यासाठी वरून ट्रॅक्टरच्या ट्यूबचा पट्टा काठीला आणि डेकला घट्ट बांधायचा, त्यावर मेण लावलेला कॅनव्हास. हे न करता नुसते बुजवणाऱ्याने बोटीला हात लावू नये.

अजीमला ही बोट हॉटेलच्या बागेत टेबल मांडायला विकायची आहे. विकू नये. माझी सक्त मनाई आहे.

कलम ५. सदर बोट सयाजीला द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात बामणोलीला काठी उभी केली. पाचरी सयाजीने केल्या, बाभळीच्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या, आणि घणाने ठोकल्या. मी विचारले तर म्हणाला, "आवं मिस्त्री, आमच्या माणात कुऱ्हाडीचा दांडा असाच बसवत्यात. सैल ऱ्हायला तर उन्हाळ्यात निसटून टाळक्यात बसतोय." त्याचे त्याच्या मुलखात खरेच होते. तिथे लाकूड आकसते. पण बामणोलीचा पाऊस लागल्यावर पाचरी फुगल्या आणि भोकापासून दोन हात डेक फाटला. मी घाटावर सगळ्यांसमोर ओरडलो, "ज्याच्या गावात पाणी न्हाई, त्यानं बोटीला हात लावू ने!" सयाजी पिशवी उचलून एसटीत बसला. त्यानंतर आला नाही. घाटावर अजून त्याला 'बाभळ सुभेदार' म्हणतात.

आता खरे काय ते. त्या मे महिन्यात पाचरी मी हाताने चाचपून पाहिल्या होत्या. फुगणार हे मला त्याच क्षणी कळले होते. बावीस वर्षे दुसरे काय केले मी? पण आदल्या दिवशी शिडाच्या दोरावरून तो माझ्याशी वाद जिंकला होता. मला वाटले, गळू दे थोडे, जिरेल याची. डेक फाटेल असे वाटले नव्हते. चूक त्याची होती, गुन्हा माझा आहे. मला त्याची लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर हे कलम सयाजीला वाचून दाखवावे.

ठिकाण: माधवनगर. दिनांक: ११ ऑक्टोबर २०२४
सही: जाफर बाबालाल नदाफ
साक्षीदार: १) शाहनवाज इलाही तांबोळी २) अमृत गुंडा चौगुले

पुरवणी

कलम ५ लिहिताना आसियाचा हात थांबला होता. "मामू, हे मेल्यावर कशाला?" एवढेच तिने विचारले. आठ दिवस मी तिच्यावर चिडचिड केली. काल तिलाच घेऊन म्हसवडला गेलो आणि कलम ५ सयाजीला स्वतः वाचून दाखवले.

सयाजी म्हणाला, "सा वर्सं म्या त्या घाटावर तोंड दावलं न्हाई. आन तू मरायची वाट बघत हुतास व्हय रं, जाफर?"

मी नुसते बोट घे म्हणालो.

"बोट नगं. सगळ्यांम्होरं बोललास न्हवं? मग सगळ्यांम्होरंच सांग."

सबब कलम ५ मी रद्द करत आहे. सयाजीचे नाव मृत्युपत्राने परत मिळणारे नाही. येत्या शुक्रवारी नमाजानंतर मी बामणोलीला जाणार आहे. घाटावर माणसे गोळा होतील, तिथे उभा राहून मोठ्याने सांगणार आहे. सयाजी येईल का, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

ठिकाण: माधवनगर. दिनांक: २० ऑक्टोबर २०२४
सही: जाफर बाबालाल नदाफ
साक्षीदार: वरीलप्रमाणे तेच दोघे. दोघांनाही शुक्रवारी सोबत यायला सांगितले आहे.