सविताचा पाय आन माझा नवस

२५ ऑगस्ट, रविवार
सविता आज कॅनॉलच्या रस्त्यानं पुलापर्यंत पळत जाऊन आली, कुठं थांबली न्हाई. आल्याबराबर मनगटावरचं घड्याळ माझ्या डोळ्यापुढं धरलं. छातीचे ठोके १३८. जूनात एवढ्याच वाटेला १७० व्हायचे म्हणे. सून हाय माझी, पर लेकीचा पहिला नंबर आल्यावानी वाटलं. पहाटं पाचला निघते, सहाला येते. मग पाणी, भाकरी, परीचा डबा, आन नवाला उपकेंद्रात नर्सच्या ड्यूटीवर. परी म्हणजे नात, तिसरीत हाय. मी पण तिसरीच शिकले, म्हणजे आता दोघी एका वर्गात! ही वही तिचीच, गणिताची. मागची पानं कोरी होती.

सविताला उन्हाळ्यात हिमालयात डोंगर चढायला जायचंय. नांदेडच्या एक मॅडम बायांना घेऊन जातात. जूनात त्यांनी टेकडीवर पारख केली, तवा स. (आता नुसतं स. लिहिते, बोटं आखडतात) अर्ध्यातच बसली. मॅडम म्हणल्या, पायात जोर हाय, दम न्हाई, दम करून या. दुसरी पारख १७ नोव्हेंबरला. त्यात न्हाई पास झाली तर गेलं. पुढच्या साली बदली कुठं होईल, कुणी सोडंल न सोडंल.

५ सप्टें., गुरु
मॅडमनं दिलेला पळण्याचा तक्ता दिवाणाच्या वर चिटकवलाय. त्यात लिहिलंय हळू पळा. मी म्हणलं, हे काय पळणं, आमी म्हशीमागं याच्यापेक्षा जोरात पळत होतो. तर म्हणे, "आत्या, पळता पळता बोलता आलं पायजे. बोलणं तुटलं की समजायचं जोर जास्त झाला. असंच चार महिने केलं की दम वाढतो." मग तिनं युक्ती काढली. कानात फोनचे बोळे घालून मला फोन लावते. मी चुलीपाशी बसून गावभरचं सांगते, कुणाची गाय व्याली, कुणाच्या घरी भांडण. ती हं हं करते. हं बारीक झालं की मी वरडते, हळू कर गं.
शेजारची कौसा भिंतीवरून म्हणे, "काय भागाबाई, पहाटं पहाटं कोणाशी बोलू राहिली?" म्हणलं सुनेशी. "एका घरात राहून फोनवर? लईच सोवळं पाळता बाई तुमी!" हसून हसून माझा चहा उतू गेला.

१९ सप्टें., गुरु
परीला आठ दिस ताप. स. दिवसा ड्यूटी, रातभर लेकरापाशी. पळणं बंद. आज गेली तर ठोके १६५, अर्ध्या वाटंतून माघारी. ओट्यावर बसली. बूट पण काढंना.
"आत्या, न्हाई होणार माझ्यानं. दोन महिने केलं ते आठ दिसात गेलं."
दत्ता (माझा लेक, वसमतला हळदीच्या अडतीवर जातो) म्हणे, ड्यूटी, लेकरू, त्यात हे. जीव देती का काय. त्याचं पण खोटं न्हाई. पर स.चं तोंड बघवंना.

२० सप्टें., शुक्र
देवीला गेले. नारळ फोडला. म्हणलं, आई, माझ्या सुनेला दम दे, पारखीत पास होऊ दे. नवरात्रात नऊ दिस अनवाणी फिरंल ती. नवस बोलून मोकळी झाले, छाती हलकी झाली. येताना पेढे आणले परीला.
स.ला विचारलं न्हाई. त्यात काय विचारायचं. सगळ्या बाया करतात. माझ्या सासूनं माझ्या नावानं तीन नवरात्रं बोलली होती, मला कुणी विचारलं?

३ ऑक्टो., गुरु
घट बसले. सकाळी स. बूट घालू राहिली तवा सांगितलं. तोपर्यंत धीर झाला नव्हता.
ती म्हणे, "पळायचं पण अनवाणी?"
मी म्हणलं, देवी काय पळताना डोळे झाकती व्हय?
एक बूट पायात होता, तो काढला. दोन्ही बूट पलंगाखाली सारले. गेली तशीच. फोन लावला, पर आज हं पण कमीच केलं.
ठोके १४४. बघा, उतरले का न्हाई! मी खूश.

७ ऑक्टो., सोम
सगळीकडं सोयाबीन कापून राहिले. स. आज लसी द्यायला पलीकडच्या वस्तीवर गेली, शेतातून जवळ पडतं म्हून. कापलेल्या सोयाबीनचे खुंट सुरीवानी असतात, मला म्हाईत हाय. संध्याकाळी टाच टेकंना. इचारलं तर म्हणे काय न्हाई, खडा रुतला. हळद लावली. आज पाचवी माळ.

९ ऑक्टो., बुध
काल पहाटं पण तशीच पळाली. मला कळलं न्हाई. कळलं न्हाई का मी बघितलं न्हाई
आज अंगात १०२ ताप. तळपाय वांग्यावानी. दत्तानं गाडीवर वसमतला नेलं. डॉक्टरनं चिरून सोयाबीनचा खुंट काढला, बोटाच्या पेराएवढा. आतच मोडला होता. महिनाभर पळायचं नाव काढू नका म्हणले. सुनेला घेऊन आला तवा दत्ता दारातच म्हणला, "आई, नवस तुझा आन पाय तिचे व्हय?"
परी म्हणे, आजीला बोलू नका. लेकराला काय कळतं.
रातीच्याला पाणी द्यायला गेले. म्हणलं, तू सांगायचं ना गं, न्हाई म्हणायचं. तर म्हणे, "विचारलं असतं तर न्हाईच म्हणले असते, आत्या. म्हून तर तुमी विचारलं न्हाई."
आवाज चढवला न्हाई तिनं. चढवायला पायजे होता.

१२ ऑक्टो., शनि, दसरा
तिचे राहिलेले दिस मी अनवाणी केले. धरतात का न्हाई देवीला म्हाईत. पुजाऱ्याला इचारायचं धाडस न्हाई झालं. कौसा म्हणे, "नवस मोडला, म्हून तर पाय गेला." म्हणलं, कौसे, पाय आधी गेला, नवस मागून मोडला, जरा बराबर मोज. तिला बोलले, पर मला झोप न्हाई.
स.नं सोनं दिलं, पाया पडली. लंगडत वाकली. मी मागं सरले.

२४ ऑक्टो., गुरु
मॅडमचा फोन होता. पाय नसंल टेकत तर बसून दम धरून ठेव म्हणल्या, न्हाईतर चार महिने पाण्यात. दत्तानं जुनी सायकल ओसरीत स्टँडवर लावून दिली. तोंडानं बडबडला, पर चेनला तेल घातलं. स. जखमेला धक्का न लावता पायाच्या पुढच्या भागानं पायडल मारते. अर्धा तास, मग पाऊण तास. चाक फिरतंय आन बाई जागच्या जागी. परी शेजारी बसून पाढे म्हणते.
मी पोळ्या करते. मला कुणी काय सांग म्हणत न्हाई. एकदा म्हणलं, त्या वरच्या आळीतल्या लग्नाचं कळलं का? म्हणे, "मोजून राहिले आत्या, मधी बोलू नका."
बराबर हाय तिचं.

५ नोव्हें., मंगळ
दिवाळी झाली. पहिल्यांदा बूट घालून कॅनॉलपर्यंत चालत. पंधरा मिंटात परत. मी काय इचारलं न्हाई. ती आपणहून म्हणे, खाज सुटते फक्त. बूट उन्हात ठेवला होता, आत हात घालून बघितला. खडा बिडा न्हाई.

१२ नोव्हें., मंगळ
पुलापर्यंत चालत, मधी जरा पळत. ठोके १४१! सायकलीनं धरला म्हणायचा दम. मी टाळ्या वाजवणार होते, हात पदरात घेतले.

१६ नोव्हें., शनि
उद्या पारख. आठ किलो ज्वारी पाठीवरच्या पिशवीत, टेकडी चार वेळा चढायची आन उतरायची. आज तेवढंच वझं घेऊन पुलापर्यंत गेली. आल्यावर ठोके १४२, तोंडावर धाप न्हाई. मग बूट काढला. जखमेची जागा लाल. बोटानं दाबलं तर ओठ आवळला. दत्ता म्हणे, चिघळलं तर ड्यूटीचं काय, चालण्याचं काय. मॅडम म्हणल्या, तुझं तू ठरव, पुढची पारख आता पुढच्या साली.
सहाची गाडी. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. बूट पण.
दिवे लागले तवा माझ्यापाशी येऊन बसली. म्हणे, "आत्या, तुमी सांगा. जाऊ का?"
माझ्या तोंडात दोन्ही आलं. जा पण आलं, नको पण आलं. देवीचं नाव पण आलं होतं, ते गिळलं. म्हणलं, सविता, मागच्या वेळी मी बोलले आन पाय तुझा कापला. या वेळी मला न्हाई बोलवत.
"मी इचारू राहिले ना पर."
व्हय, इचारू राहिली. तिचा पाय मांडीवर घेतला. गरम हाय का माझाच हात गार हाय, समजंना. ती माझ्या तोंडाकडं बघून राहिली. मी अजून काय बोलले न्हाई.