आधीचं बरं की आत्ताचं?

१ मार्च

आले बाई एकदाची! सामान म्हणजे काय, दोन बॅगा, एक गादी, कुकर आणि निघताना मेहुण्यांनी हातात कोंबलेला जुना कॅमेरा. फोटो काढून पाठवत जा म्हणाले. नवा घेतला म्हणून जुन्याची माझ्याकडे बोळवण झाली, हे कळतं मला. पण फुकट ते पौष्टिक.

घर झकास आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मोठी खिडकी, तिच्याबाहेर डेरेदार झाड. खिडकीपाशी आधीच्या भाडेकरूची लाकडी खुर्ची तशीच राहिली आहे. घरमालकीण काकू खाली राहतात आणि बोलायला लागल्या की थांबत नाहीत. आधीची बाईही माझ्यासारखी एकटीच होती म्हणे, आणि कधी निघून गेली ते कळलंच नाही. मी सवयीनं विचारलं, चष्मा होता का तिला? चष्म्याच्या काचा घासण्यात माझा जन्म गेला, माणूस भेटला की आधी चष्माच दिसतो. काकूंनी पुष्कळ आठवून पाहिलं. चष्मा आठवेना, उंची आठवेना, चेहरा तर नाहीच. वय झालं, दुसरं काय.

खुर्ची राहू द्या म्हटलं. कुणी आलं तर बसायला होईल.

४ मार्च

दुकान बऱ्यापैकी चालतं. पुढे फ्रेमांची कपाटं, मालक आणि डोळे तपासणाऱ्या बाई. मागे पार्टिशनच्या आड मी आणि काचा घासायचं मशीन. गिऱ्हाईक मला दिसत नाही, मी गिऱ्हाइकाला दिसत नाही. तपासणाऱ्या बाईंचा आवाज मात्र दिवसभर कानावर येतो. काच बदलतात आणि विचारतात, आधीचं बरं की आत्ताचं? पुन्हा काच, पुन्हा तेच. इतक्या वेळा ऐकलं की आज मीच आतून आत्ताचं बरं म्हणून ओरडले. मालक हसले. ते मला ‘मागच्या बाई’ म्हणतात. पहिल्या दिवशी नाव विचारलं होतं, विसरले असावेत.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे माझी बहीण. आई गेल्यावर तिला मीच वाढवलं, कडेवर घेऊन घेऊन कंबर मोडून घेतली. आता तिला बोलायला फुरसत नसते. मुलांच्या परीक्षा संपल्या की येते म्हणाली. फोन ठेवला आणि घर इतकं गप्प झालं, की मी घासलेली भांडी परत घासायला काढली.

९ मार्च, रविवार

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणतात ना, तशी माझी गत. परवा एक गिऱ्हाईक मालकांना फोटो दाखवत होतं. झाडं सगळी पांढरीशुभ्र, आकाश काळंकुट्ट. मी चक्क पार्टिशनबाहेर मान काढली. तो म्हणाला, तांबड्याच्या पलीकडे एक प्रकाश असतो, इन्फ्रारेड, तो आपल्या डोळ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो, पण कंपनी आत एक निळसर काच बसवून तो अडवते. ती काच काढली की झालं. म्हटलं, काच काढायची? मग हे तर आपलंच खातं.

आज दुपारी कॅमेरा उघडला. बॅटरी काढली होती तरी फ्लॅशच्या कपॅसिटरनं असा झटका दिला, की सात पिढ्या आठवल्या. स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडले, नाहीतर माझा धांदरटपणा मला ठाऊक आहे. शेवटी मिळाली ती. नखाएवढी, निळसर हिरवी काच. काडेपेटीत जपून ठेवली.

पण नुसती काढून चालत नाही. मधली काच गेली की फोकस सरकतो. म्हणून तेवढ्याच जाडीची साधी काच कापून, कडा घासून तिच्या जागी बसवली. लेन्सवर जुन्या निगेटिव्हच्या टोकाचा काळा तुकडा चिकटवला. डोळ्याला तो डांबरासारखा काळा, पण हा प्रकाश त्यातून आरपार जातो. आपला हात जगन्नाथ!

१० मार्च

अगं बाई, काय दिसतं! कामाला जायच्या आधी उन्हात फोटो काढले. खिडकीतलं झाड पिठात घोळल्यासारखं पांढरं. माझी काळी ओढणी पांढुरकी. कपातला कोरा चहा पाण्यासारखा नितळ, तळाची नक्षी दिसते. सगळ्यात मजा म्हणजे माझा चष्मा काढून, काळा गॉगल घालून फोटो काढला तर काचांमधून माझे डोळे लख्ख दिसतात. दिवसभर एकटीच हसत होते.

धाकटीला सगळे पाठवले. तिनं अंगठा पाठवला.

१६ मार्च, रविवार

टायमर लावून टेबलाशी बसून स्वतःचा फोटो काढला. एकटा जीव सदाशिव, दुसरं कोण काढणार? फोटोत खिडकीजवळच्या खुर्चीत पुसट डाग आला आहे. लेन्स पुसली, परत काढला. डाग आहेच. कॅमेरा हलवला तरी डाग खुर्चीतच.

कारण मला कळलं. हा प्रकाश नेहमीच्या प्रकाशासारखा वळत नाही, त्याचा फोकस जरा मागे पडतो. आतली काच पातळ केली की ठीक होईल. धूसर काही दिसलं की माझ्या जिवाला चैन पडत नाही. उद्या दुकानात घासून आणते.

१९ मार्च

पातळ काच बसवली. डागाला खांदे आहेत.

आधी घाबरले, खोटं कशाला बोलू? कॅमेरा पालथा घालून खाली काकूंकडे जाऊन बसले. त्यांनी त्यांच्या गुडघ्यांचं सगळं सांगितलं, माझं काही विचारलं नाही. वर आले, खुर्चीला हात लावून बघितला. लाकूडच. मग वाटलं, एवढं कष्टानं काम केलंय, अर्धवट का सोडायचं?

आज दुकानात चहा आला तो सगळ्यांना मिळाला, मला सोडून. चहावाला म्हणाला, मागे कुणी आहे हे लक्षातच नाही आलं.

२३ मार्च, रविवार

तिसरी काच, आणखी पातळ. बाई आहे. ताठ बसलेली, तोंड खिडकीकडे, हात मांडीवर. कुणाची तरी वाट बघत बसावं तशी. आधीची भाडेकरू असणार, दुसरी कोण?

पळून जायला हवं होतं. कुठे जाऊ पण? आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं. या गावात आल्यापासून मी जेवते तेव्हा खोलीत दुसरं माणूस नसतं. आज होतं. मी दोन कप चहा केला आणि एक खुर्चीपाशी ठेवला. दुकानातल्या सगळ्या कटकटी मोठ्यानं सांगितल्या. उठताना बघितलं तर तिच्या कपातला चहा तसाच होता, गार झालेला. मी तो पिऊन टाकला, वाया कशाला घालवायचा?

फोटोत मीच जरा धूसर आले आहे. हलले असेन.

२७ मार्च

जिन्यात काकू भेटल्या. डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि कोण हवंय म्हणून विचारलं. मी हसून म्हटलं, काकू, दुकानात या, फुकट नंबर काढून देते. त्या हसल्या नाहीत.

डोळे बारीक करणं माझ्या ओळखीचं आहे. समोरचं नीट दिसत नसलं की माणूस तसं करतो. आज मालकांनी केलं. तपासणाऱ्या बाईंनीही केलं.

३० मार्च, रविवार

थांबायला हवं होतं. कळत होतं मला. पण तिचा चेहरा तेवढा राहिला होता. तिला कुणीच नीट पाहिलं नाही, काकूंना तर आठवतसुद्धा नाही. म्हटलं, मी तरी बघते. एकच काच, शेवटची.

तिनं मान वळवली आहे. चेहरा स्पष्ट आहे, पापण्यासुद्धा मोजता येतील. सरळ माझ्याकडे बघून हसते आहे.

टेबलाशी मी बसले होते तिथे नुसती पुसट रेघ.

३ एप्रिल

दुकानाच्या दारावर पाटी लावली आहे, काचा घासायला कारागीर पाहिजे. मी मालकांसमोर जाऊन उभी राहिले. अहो, मी आहे ना म्हटलं. ते डोळे चोळायला लागले. तपासणाऱ्या बाईंना म्हणाले, आज सगळं धुरकट दिसतंय, माझाही नंबर वाढला वाटतं. मी काउंटरवर हात आपटला. कुणी वळून पाहिलं नाही.

रडत घरी आले. रस्त्यात एक माणूस मला धडकला आणि खांबाला धडकल्यासारखा खांदा चोळत पुढे गेला.

६ एप्रिल

काडेपेटीतली निळसर काच काढली. मूळची. परत बसवली. काळा तुकडा फाडून टाकला. होता तसा साधा कॅमेरा केला. घाईत दोन स्क्रू हरवले.

साधा फोटो काढला. साध्या उजेडात. झाड हिरवं, चहा लाल.

टेबलाशी ती बसली आहे. माझी ओढणी, माझा चष्मा. रंगात. साध्या फोटोत!

मी खुर्चीत. डाग.

कॅमेरा फोडायला उचलला होता. नाही फोडला. मी जेवढी दिसते तेवढी त्यातच दिसते.

८ एप्रिल

आता नुसत्या डोळ्यांनीही दिसते ती. उठते, चहा करते, जिन्यात काकूंशी बोलते. काकू म्हणाल्या, आता कशा टवटवीत दिसता! चेहरा माझा नाही. जराही नाही. नाक वेगळं, हनुवटी वेगळी. कुणाला काही वाटत नाही. मला नीट कुणी पाहिलंच कुठे होतं?

आज ती दुकानात गेली. मी मागोमाग. मालकांनी तिला नावानं हाक मारली. माझ्या नावानं.

१० एप्रिल

धाकटीचा फोन. मीच उचलला. मी बोलत होते, ओरडत होते— धाकटी म्हणत राहिली, ताई, आवाज येत नाही. मग त्या बाईनं माझ्या हातातून फोन घेतला. दोघी खूप वेळ बोलल्या. धाकटी हसत होती. माझ्याशी एवढी कधी—

रविवारी येतेय. एकटीच.

ती मला ओळखेल. जग आंधळं होवो, धाकटी ओळखेल. ताप आला की माझा वास आल्याशिवाय झोपायची नाही ती. ती ओळखणार म्हणजे ओळखणारच.

१२ एप्रिल

पेन जड झालंय. अक्षर पुसट उमटतं, दोनदा गिरवते.

ती घर आवरतेय. मी गप्प बसून आहे खुर्चीत. ताठ. तोंड खिडकीकडे, रस्ता दिसतो म्हणून—

१३ एप्रिल, रविवार

आली. बेल वाजली, दोघी दाराशी गेलो. मी पुढे होते. धाकटीनं माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले. ओळखलं, शपथेवर सांगते, क्षणभर ओळखलं— मग माझ्या खांद्यावरून नजर मागे गेली आणि ताई म्हणून तिच्या गळ्यात पडली.

हाक मारली. लहानपणच्या नावानं, जे फक्त मी म्हणायचे. धाकटी म्हणाली, वारा येतोय का गं कुठून?

चहा पिताहेत. माझा कप. मी खुर्चीतून लिहितेय—

धाकटीनं कॅमेरा उचलला. खोलीचा फोटो काढला. म्हणाली, खुर्चीत काहीतरी डाग आलाय. ती म्हणाली, काचेवर असेल, पुसते. माझा फडका. दुकानातला, पिवळा. पुसतेय. माझे हात—

आणखी एक फोटो काढला तिनं. धाकटीपुढे धरलाय. विचारतेय तिला, आधीचं बरं की आत्ताचं—

धाकटी बघतेय. डोळे बारीक करून बघतेय. अगं आधीचं. आधीचं म्हण, बाळा. मी आहे त्यात. आधीचं म्हण, आधी—