वीतभर पटाश्या आणि बारशाचा खुळखुळा

६ फेब्रुवारी १९७८, मोखाडा
आमच्या लेकीला, तुळशीला, सातवा महिना. पहिले बाळंतपण, म्हणजे माहेरी, आमच्याकडे. नाशिकच्या व्याह्यांना कार्ड टाकले : बारशाचा खुळखुळा बाजारचा नसेल, मी स्वतः खरादावर कातलेला असेल. हिने विचारले, खराद कधी पाहिलाय का. पंचायत समितीत चौदा वर्षे फायली सांभाळल्या, लाकूड काय जड आहे.

१२ फेब्रुवारी
हत्यारे निवडायला जव्हारला, इदरीस खराद्याकडे. तो म्हणे, साब, दोनच घ्या, एक गोल पटाशी, एक सपाट, पण मूठ हातभर लांब पायजे. आणि पैले धार लावायला शिका. स्वतः जमिनीवर बसतो, एका हाताने कमानीची दोरी ओढून लाकूड फिरवतो, दुसऱ्या हातात पटाशी आणि तिचे टोक पायाच्या अंगठ्याने दाबतो. सरकारी नोकराला हे शोभत नाही. लहान कामाला लहान हत्यार, साधा हिशेब. मुंबईहून सहा पटाश्यांचा कॉम्पॅक्ट सेट मागवला. प्रत्येक वीतभर.

२ मार्च
पार्सल आले. आत मखमल. ऑफिसात सर्वांना दाखवले. शिपाई मंगळूने विचारले, साहेब, हे कान कोराया हाय काय. रागावलो नाही. हेदाच्या झाडाचा ओंडका त्यानेच आणून दिला.

१५ मार्च
अंगणात खराद उभा केला. खुर्चीवरून हात पुरत नाही. खुर्चीचा दोष.

१९ मार्च
खाली बसलो. पोट आड येते. पटाशी टेकवताच उडाली, तुळशीच्या ताटाशेजारी पडली. मूठ आखूड, म्हणून फार लांब गेली नाही. कॉम्पॅक्टचा फायदा.

२ एप्रिल
धार गेली. बहुधा उन्हामुळे.

११ एप्रिल, संध्याकाळी
प्रगती. खुळखुळा निघाला नाही, पण सकाळी लाटणे निघत होते. दुपारी ते बारीक झाले. आता विटी आहे. मुलगा झाल्यास चालेल.

२१ एप्रिल
मुलगी झाली. दोघी सुखरूप. तिने माझे बोट धरले आणि मला रडू आले. विटी चुलीत घातली.

३० एप्रिल
सहज जव्हारला गेलो. ओंडक्याचा उरलेला तुकडा सहज पिशवीत होता. इदरीसने एक बिडी संपेपर्यंत खुळखुळा कातून दिला. लाकूड माझे, रंग मी निवडला. म्हणजे काम जवळजवळ माझेच.

३ मे
बारसे. व्याही भलतेच खूश, खुळखुळा सगळ्या पाहुण्यांत फिरवला. मग चष्मा लावून उलटा केला. तळाला 'इ' कोरलेली. हे काय, म्हणाले. मी म्हणालो, मी मनात धरलेल्या नावाचे अक्षर. व्याह्यांनी चष्मा काढून पुसला. आजोबांनी नाव लाकडात कोरून आणलं, म्हणाले. पत्रिकेतला 'र' बाजूला राहिला आणि आत्याने बाळाच्या कानात सांगितले, इंदुमती. ही पदर तोंडाला लावून उठून गेली. रडत नव्हती.

७ मे
राहवले नाही. जव्हारला जाऊन इदरीसला सगळे सांगितले. रागावेल असे वाटले होते. त्याने हात पुसले, आत बायकोला हाक मारली आणि म्हणाला, राबिया, साखर आण, मोखाड्याला आपल्याला नात झाली, माझ्या अक्षरावर नाव ठेवलं. शेजारचे दोन दुकानदारही आले. सर्वांनी त्याचे अभिनंदन केले. मलाही साखर मिळाली, पाहुणा म्हणून.