डाव्या पायाचा निकाल

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सही केली नाही. करणारही नाही!

मिस्त्रींच्या (नवऱ्याला मी पहिल्यापासून मिस्त्रीच म्हणते) डाव्या पायात खिळा घुसला होता. बुटाच्या तळातून थेट आत. किती दिवस तसेच हिंडत होते कोण जाणे. परवा मोज्यावर रक्त मला दिसलं. त्यांना नाहीच! "अगं, कामात होतो, कळलं नाही." जिना जुळवायला बसले की या माणसाला डोक्यावर छप्पर पडलं तरी कळायचं नाही. काल ताप. आज सकाळी बोटं काळी आणि बडबड सुरू — कुठल्याशा सोळा पायऱ्यांची. साखर इतकी चढलेली की नर्सने यंत्र बदलून पुन्हा मोजली.

दाखल करतानाचा फॉर्म मी भरला. सव्वीस प्रश्न. ग्रंथालयात पस्तीस वर्षं लोकांचे अर्धवट फॉर्म परत पाठवले, माझा कोण परत पाठवणार! मधुमेह — बारा वर्षं. चष्मा — होय. कवळी — नाही. ऐकण्याचा त्रास — नाही. औषधाची ॲलर्जी — नाही. भराभर लिहून दिला.

सर्जन मुलीच्या वयाची. म्हणाली, "काकू, पाय घोट्याच्या वर कापावा लागेल. विष रक्तात चाललंय."

"मी तुमची काकू नाही."

"बरं. पाय कापावा लागेल."

उत्तर आवडलं. सही मात्र दिली नाही. ज्याचा पाय त्याला विचारा म्हटलं. तर म्हणे, ते तापात आहेत. मग ताप उतरवा!


बुधवार, १२

जखम उघडून साफ केली. सलाईनमधून औषधं चालू. नर्सने काळ्या पेनने पायाभोवती रेघ मारली आणि तारीख घातली. लाली रेघेच्या वर सरकली तर थांबायचं नाही, असं सर्जनने बजावलं. मिस्त्री शुद्धीत असते तर रेघ वाकडी आहे म्हणाले असते.

मुलगा रजा काढून आलाय. "आई, हट्टाची ही वेळ नाही." हट्टाची वेळ कधी असते ते त्याने एकदा मला लिहून द्यावं.

मी नाही म्हणते ते उगाच नाही. हा माणूस लाकडी जिने करतो. जिना बसवून झाला की बूट काढायचे, डोळे मिटायचे आणि एकट्याने वर चढून खाली यायचं. एखादी पायरी दोऱ्याएवढी उंच असली तरी तळव्याला कळते. मग तिथेच खडूची फुली. फुली असलेला जिना आजवर गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलेला नाही. तो पाय म्हणजे त्यांचा मोजायचा गज आहे. तो कापायचा आणि मग माणसाला खुर्चीत बसवून ठेवायचं कशासाठी? शोभेला?

हे सगळं भाऊजींना ऐकवलं. धाकटे दीर; कारखाना दोघे भाऊ मिळून चालवतात. मला वाटलं, निदान ते तरी माझ्या बाजूने बोलतील. तर स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाले, "वहिनी, पायाचं एवढं धरून बसू नका."

वा! सख्खा भाऊ!


गुरुवार, १३

ताप उतरला! बडबड थांबली. डोळे स्वच्छ. खाट कोपऱ्यात, एक बाजू भिंतीला चिकटलेली. इकडच्या बाजूला स्टुलावर मी. स्पष्ट विचारलं, "अहो, पाय ठेवायचा ना?"

हसले. मान हलवली. हो!

धावत जाऊन सर्जनला घेऊन आले. तिने याच बाजूने वाकून विचारलं, "काका, पाय काढावा लागेल. चालेल?"

हसले. मान हलवली. हो.

"बघितलंत?" ती म्हणाली. "तुम्हालाही हो, मलाही हो. त्यांना समजत नाहीये." उद्या मेंदूचे डॉक्टर तपासणार.

मी म्हटलं, माझं हो आधीचं आहे. मुलगा चक्क हसला. बापाची खाट समोर असताना!


शुक्रवार, १४

मेंदूचे डॉक्टर सहा मिनिटांत उरकून गेले. वार विचारला — हसले. कारखान्यात माणसं किती विचारलं — मान हलवली. कागदावर शेरा: समज नाही, निर्णय कुटुंबाने घ्यावा.

लाली रेघेला टेकली आहे.

उद्या दहापर्यंत सही द्या, नाहीतर दुसरीकडे हलवा, असं सर्जन म्हणाली. आवाज चढवला नाही. माझ्यासारखीच आहे मेली.

मुलगा जिन्यात बसून रडला. बत्तीस वर्षांचा घोडा. म्हणाला, "बाबा नुसते हसत असले तरी चालतील मला. पण असू देत." मी त्याला रुमाल दिला. धीर द्यायला जवळ काही नव्हतं.

समज नाही म्हणे! अडतीस वर्षांत मी या माणसाला न समजता हसताना पाहिलेलं नाही.

खोटं. पाहिलंय. लग्नाकार्यात, गर्दीत, अनोळखी माणसांसमोर पाहिलंय. पण मग इथे का? उत्तर जिभेवर आहे आणि सापडत नाही.


शनिवार, १५

सापडलं! आणि सापडवलं कुणी, तर फरशी पुसणाऱ्या मावशींनी.

सकाळी आल्या, खाट एका हिसक्यात भिंतीपासून ओढली आणि भिंतीच्या बाजूला शिरल्या. तिकडून म्हणाल्या, "काका, पाय वर घ्या. चादर लोंबतेय."

मिस्त्री म्हणाले, "एकच घेऊ की दोन्ही? सध्या एकाचीच खात्री आहे."

स्टुलावरून पडायची राहिले.

डावा कान! पंचवीस वर्षं रंधा मशीन डावीकडे घरघरत होतं, त्या कानात शब्द शिरत नाही, उजव्यातही जवळून बोललं तरच. घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी म्हणून बोलत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने तोंडावर "बहिरा" म्हटलं, त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद. माझी खुर्ची उजवीकडे, मुलाची उजवीकडे, फिरायला गेलो तरी मी उजवीकडे. आता ठरवावंही लागत नाही, पाय आपोआप तिकडे वळतात. आयुष्यभर वाचकांना हळू बोला म्हणून दटावलं आणि घरी येऊन उजव्या कानात ओरडले. इथे उजवी बाजू भिंतीला होती. पाच दिवस आम्ही सगळे एका बंद दाराशी बोलत होतो, आणि ते ऐकू येत नसलं की जे करतात तेच करत होते. हसत होते, मान हलवत होते.

तशीच सर्जनच्या खोलीत गेले. "ते बहिरे आहेत," म्हटलं. "डाव्या कानाने."

तिने फाईल उघडली. "तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"लिहिलंय. खोटं लिहिलंय."

ती रागावेल वाटलं. उठून माझ्याबरोबर आली, भिंतीच्या फटीत शिरली आणि उजव्या बाजूने सगळं सांगितलं. मुलगा आणि भाऊजी पायाशी उभे. मिस्त्रींनी तीनच प्रश्न विचारले. कुठून कापणार? गुडघा राहतो? नाही कापला तर?

सर्जन म्हणाली, आता घोट्याच्या वर कापून भागणार नाही. गुडघ्याखाली एक वीत. आणखी थांबलं तर गुडघाही जाईल, कदाचित ते स्वतःही.

म्हणजे माझ्या चार दिवसांनी तेवढा पाय खाल्ला. इथे लिहून ठेवते, विसरायची सोय नको.

मिस्त्री म्हणाले, "गुडघा वाकला की पायरी चढता येते. कापा."

मीही उजवीकडे शिरून म्हटलं, "अहो, मी विचारलं होतं! पाय ठेवायचा ना विचारलं, तुम्ही मान हलवलीत!"

"ऐकू कुठे आलं? तू बोलत असलीस की मान हलवायची, एवढं अडतीस वर्षांत शिकलोय."

मुलगा हसला. सर्जन हसली. मी नाही हसले. माझं अजूनही पटलेलं नाही! विचारायला हवं होतं म्हणून भांडले, विचारलं गेलं, ठीक. पण उत्तर चुकलंय. पाय न लावता मिस्त्री जिना कसा पास करणार? हसण्यावारी नेलं म्हणजे प्रश्न सुटत नाही.

उद्या सकाळी पहिला नंबर. खाट आता भिंतीपासून हातभर लांब आहे. कुणी परत ढकलली तर मी बघून घेईन.


रविवार, १६

आठ वाजता आत नेलं. सही त्यांनी स्वतः केली.

नेण्याआधी विचारलंच, उजवीकडून. "आता डोळे मिटून जिने कोण चढणार?"

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. मिस्त्री म्हणाले, "पाच वर्षं धाकटाच चढतोय. त्या पायाला काही कळत नाही गं. साखरेने मेलाय कधीच. फरशी गार आहे की गरम, तेसुद्धा कळत नाही. मग खिळा काय कळणार!"

पाच वर्षं! कान आम्ही दोघांनी जगापासून लपवला, आणि पाय या दोघांनी माझ्यापासून.

सव्वानऊ झाले. दारावरचा लाल दिवा अजून चालू आहे. येऊ देत बाहेर. शुद्धीवर आले की आधी भांडणार आहे — उजव्या कानात!